दुधाच्या डब्याएवढी लेन्स

एबो क्वानसा उलटा चालायचा. समुद्रकाठच्या आमच्या सॉल्टपाँड गावात त्या काळी ज्यांची लग्नं झाली, त्या सगळ्यांना तो असाच आठवतो. चर्चमधून वरात निघालेली, पुढे बँड, मागे नवरानवरी, आणि दोघांच्या मधे एबो. पाठ रस्त्याकडे, डोळा कॅमेऱ्याला. बाजारातल्या बायका त्याला न सांगता आपापली मासळीची घमेली बाजूला ओढून घ्यायच्या. तो कधी कुणाला धडकला नाही.

त्याच्या कॅमेऱ्याला एकच लेन्स होती. ती लांबचं जवळ आणत नसे आणि जवळचं लांब करत नसे. नवरीचा चेहरा मोठा हवा असला की एबो पुढे सरके, दोन्हीकडचं गणगोत एका फोटोत मावायला हवं असलं की मागे जाई. "माझी लेन्स पायांत आहे," असं तो म्हणायचा. माझ्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले आणि माझ्या तिन्ही मुलांच्या नामकरणाचेही. माझे यजमान त्याला चिडवत, "क्वानसा, तू स्वर्गातसुद्धा पाठमोराच शिरणार. दारावरचा सेंट पीटर ओळखायचा नाही तुला."

ऐंशी साली कस्टम्समधल्या कारकुनाच्या मुलीचं लग्न होतं. नगरपालिकेने त्याच आठवड्यात चर्चच्या वळणावर नवं गटार खणलं होतं आणि एबोला ते ठाऊक नव्हतं. तो वरातीपुढे उलटा चालत गेला आणि सगळ्यांच्या देखत नाहीसा झाला. बँड वाजतच राहिला. गटारातून कॅमेरा धरलेला हात तेवढा वर आला आणि आवाज आला, "आधी हा घ्या!" पडता पडता त्याने बटण दाबलं होतं. त्या फोटोत चर्चचं शिखर, भरपूर आभाळ आणि एका तुतारीचं तोंड आहे. कारकुनाने तोही फोटो विकत घेतला.

उजवा गुडघा मोडला होता. मानकेसिमच्या हाडवैद्याने तो बसवला खरा, पण पाय वाकेना. एबो डाव्या हातात काठी घेऊन चालू लागला. पुढे-मागे सरकणं संपलं.

त्याच्यापुढे प्रश्न सरळ होता. आमच्याकडे फोटोग्राफरचं पोट शनिवारवर चालतं, आणि शनिवार म्हणजे मयतीचा दिवस. सकाळी दफन, मग अंगणात मांडव, आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या जाणाऱ्यांचे फोटो. त्या अंगणात ज्याला फिरता येत नाही त्याने दुकानात रंगवलेल्या पडद्यापुढे बसून पासपोर्टचे फोटो काढावेत. तेव्हा निम्मं गाव परदेशी, लागोसला कामाला निघालेलं होतं, गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. पण एबो म्हणायचा, "पासपोर्टचे फोटो म्हणजे जाणाऱ्यांचे फोटो. मला राहणाऱ्यांचे काढायचेत."

म्हणून त्याला झूम लेन्स हवी होती. कडं फिरवलं की माणूस जवळ येतो, उलटं फिरवलं की अख्खा मांडव मावतो, आणि आपण असतो तिथेच. ताकोराडीच्या बंदरावर खलाशांनी आणलेल्या जपानी वस्तूंचं एक दुकान होतं. ते चालवणारी एक्वा ही नन्सच्या शाळेतली माझी बाकावरची सोबतीण. मी तिला निरोप धाडला की आमचा माणूस येतोय, त्याला लुबाडू नकोस.

एबो आणि त्याची बायको अराबा, दोघं लॉरीने गेली आणि संध्याकाळी परतली ती एक तोफ घेऊन. तोफ हा शब्द फीफीचा. फीफी हा गावातला नवा फोटोग्राफर, फुलाफुलांचे शर्ट घालणारा. एबोच्या ओट्यावर त्याने ती लेन्स दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि म्हणाला, "काका, अबान्झेच्या किल्ल्यावरून उतरवलीत की काय?"

"तुला उचलवत नसेल तर ठेव खाली," अराबा म्हणाली. मोठी लेन्स घ्यायचा आग्रह तिचाच होता. "लोक आधी लेन्स बघतात, मग फोटो. मयतीच्या घरच्यांना वाटायला हवं की आपल्या म्हातारीसाठी केवढा फोटोग्राफर आलाय."

तिचं काही चूक नव्हतं. आमच्याकडे शवपेटी, बँड, मांडव आणि फोटोग्राफर, चारही गोष्टी लोक डोळ्यांनी मोजतात. शिवाय त्या लेन्समध्ये उजेड भरपूर शिरे. आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये दिवसासुद्धा अंधार, आणि प्रार्थना चालू असताना रेव्हरंड फ्लॅश उडवू देत नसत. एबोने नेम धरून पाहिला तेव्हा वेदीजवळची मेणबत्तीसुद्धा लख्ख दिसली. तो हरखला. लेन्स लोखंडासारखी जड होती एवढंच.

पुढच्या फेब्रुवारीत माझी आई गेली.

दफन करून आम्ही घरी आलो. अंगणात काळ्या-तांबड्या कपड्यांत आमच्या कुळाची माणसं ओळीने बसली. उजव्या टोकापासून दुसरे अमिसामामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ आणि आमचे कुळप्रमुख. येणाऱ्याने उजव्या टोकापासून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घेत डाव्या टोकापर्यंत जायचं, मग आपल्या जागी बसायचं. यातून कुणाची सुटका नाही, मंत्र्याची नाही आणि फोटोग्राफरचीही नाही. आधी हात, मग काम.

एबो आला. गळ्यात तोफ, डाव्या हातात काठी. पहिली माझी मोठी मावशी. तो तिच्यापुढे वाकला तशी ती लेन्स छातीवरून सुटली आणि घंटेच्या लोलकासारखी पुढे आली. मावशीच्या बाजूला तबक होतं. त्यातले दोन पेले आडवे झाले. मावशी म्हणाली, "अरे, मला पण पुरायला आलास का?" आणि त्या दुःखातही चार बायका हसल्या.

एबो ओशाळला. पुढच्या माणसापुढे असं होऊ नये म्हणून त्याने काठी डाव्या कोपरावर अडकवली आणि उजव्या हाताने लेन्स छातीशी घट्ट दाबून धरली. पुढचे माणूस अमिसामामा होते. मामांनी हात पुढे केला. एबो वाकला, लेन्स घसरू लागली, त्याने ती आणखी घट्ट धरली, आणि जो हात मोकळा होता तो आपला आपण पुढे गेला. डावा.

मामांनी आपला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

डाव्या हाताने आपल्या बापाच्या गावाची वाटसुद्धा दाखवू नये, हे आमच्या मुलांना चालायला येण्याआधी कळतं.  बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. एबोने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

आमच्याकडे मोठं माणूस रागावलं की स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरा बोलतो. मामांच्या वतीने क्वेकू टांडो उठले.

"क्वानसा, कुळप्रमुख विचारतायत, तुमचा उजवा हात कुठे आहे?"

"मामा, लेन्स... ती पडत होती..."

"कुळप्रमुख म्हणतायत, लेन्सला उजवा हात, आणि बहिणीला पुरून आलेल्या माणसाला डावा. मग आज इथे मयत कुणाची आहे, आमची का लेन्सची?"

 एबोला मांडवाबाहेर बसवलं आणि फोटो फीफीने काढले. आईच्या मयतीचे माझ्याकडचे फोटो फीफीचे आहेत. बरे आहेत.

सोमवारी एबो चार वडीलधारी माणसं आणि जिनच्या बाटल्या घेऊन मामांकडे गेला, रीतीप्रमाणे. मामांनी बाटल्या घेतल्या, थोडी जिन पूर्वजांसाठी जमिनीवर ओतली. टांडोंनी सांगितलं, "माफी झाली. पण हा माणूस आमच्या अंगणात कॅमेरा घेऊन पुन्हा यावा का नाही, ते वर्षाच्या दिवशी ठरेल." वर्षाचा दिवस म्हणजे आईला वर्ष झाल्यावर आम्ही पांढरे कपडे घालून जमतो तो.

निकाल एका अंगणाचा होता, पण बाकीची अंगणंही थांबली. ज्याला अमिसांच्या घरून उठवलं त्याला दुसरं कोण बोलावणार? मार्च गेला, एप्रिल गेला, एबोचे शनिवार रिकामे गेले. तो पडद्यापुढे बसून लागोसला जाणाऱ्यांना म्हणे, "हनुवटी वर. हलू नका." 

अराबा बाजाराच्या तोंडाशी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकायची. मी तिच्याकडून केळीच्या पानातली गरम केंकी आणि तळलेली मासळी घ्यायला गेले की ती मला बसवून घ्यायची. एकदा एबोही तिथेच होता.

"एफुआताई, याला सांगा," अराबा म्हणाली. "दिवसभर त्या तोफेला फडक्याने पुसत बसतो. मला कधी पुसलं नाही एवढं."

"तुला धूर लागलाय, तो निघत नाही," एबो म्हणाला.

"बघा! जीभ शाबूत आहे. हातच तेवढा बिघडला."

"हात नाही बिघडला," एबो हळूच म्हणाला. "निवड बिघडली. मी ती लेन्स डोळ्याने निवडली."

"मग लेन्स कशाने निवडायची असते, एबोभाऊ?" मी विचारलं.

"कंबरेने. दुकानात वाकून बघायला हवं होतं."

अराबा हसू लागली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या आठवड्यात आम्ही तिघं ताकोराडीला गेलो.

एक्वाच्या दुकानात रेडिओ, घड्याळं, अत्तरं आणि काचेच्या कपाटात लेन्सेस. तिने तोफ परत घेतली आणि बदली म्हणून कपाटातल्या तीन लेन्सेस गल्ल्यावर मांडल्या. "बघ, भाऊ. उजेडाकडे धरून बघ."

एबोने एकही डोळ्याला लावली नाही. पहिली कॅमेऱ्यावर चढवली, कॅमेरा गळ्यात अडकवला, काठी घेतली आणि दुकानाबाहेर गेला. मग दारातून आत आला, एक्वापुढे वाकला आणि उजवा हात पुढे केला. लेन्स पुढे झेपावून गल्ल्याच्या काचेवर आपटली.

"अरे, माझी काच!" एक्वा ओरडली. "काय चाललंय काय?"

"पुन्हा येतो," एबो म्हणाला. दुसरी लेन्स चढवून तो पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला, पुन्हा वाकला. ही दिसायला मध्यम होती, पण वाकताच तिची नळी आपोआप घरंगळून लांब झाली. जीभ बाहेर काढल्यासारखी.

"ही वेडावून दाखवते," एबो म्हणाला आणि ती बाजूला ठेवली.

"एफुआ," एक्वा मला म्हणाली, "तुझा माणूस लेन्स घ्यायला आलाय का मला मागणी घालायला? किती वेळा माझा हात धरणार? बायको शेजारी उभी आहे म्हणावं."

"धरू दे, बाई," अराबा म्हणाली. "सराव चाललाय त्याचा."

एव्हाना गिऱ्हाइकं जमली होती आणि अराबाने त्यांना सगळी हकीकत सांगितली होती. बंदरावरचा एक हमाल उलट्या खोक्यावर ऐटीत बसला आणि हात पुढे करून म्हणाला, "मी होतो कुळप्रमुख. आयुष्यात कुणीतरी माझ्यापुढे वाकू दे."

तिसरी लेन्स काळ्या प्लास्टिकची होती, आखूड, हातात घेतली तर आत काही आहे का नाही अशी शंका यावी इतकी हलकी. एबो बाहेर गेला, आत आला, हमालापुढे वाकला. कॅमेरा छातीवरून हलला नाही. काठी डाव्या हातात तशीच, उजवा हात मोकळा. हमालाने हात दाबला आणि गंभीरपणे म्हणाला, "बस, बाळ. तुझं दुःख ते आमचं दुःख." दुकान खदखदलं.

एबो हसला नाही. त्याने ती लेन्स आता पहिल्यांदा डोळ्याला लावली, दारातून धक्क्याकडे रोखली आणि कडं फिरवलं. कोकोची पोती उचलणारी क्रेन जवळ आली असणार, लांब गेली असणार, कारण तो बराच वेळ कडं फिरवत राहिला.

"ऐक," एक्वा म्हणाली. धंद्यात ती खोटं बोलत नसे. "हिच्यात उजेड कमी शिरतो. संध्याकाळ झाली की ही आंधळी. चर्चमध्ये फ्लॅशशिवाय काही येणार नाही. नंतर म्हणू नकोस, एक्वाने सांगितलं नाही."

वेदीपुढचे फोटो हा एबोचा अभिमान होता. अंगठी घालताना नवरीच्या डोळ्यांत हललेली मेणबत्ती फक्त त्याच्या फोटोंत दिसायची. त्याने लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवली आणि पुन्हा चढवली. अराबाने या वेळी मत दिलं नाही.

"देवापुढचे फीफी काढेल," शेवटी तो म्हणाला. "अंगणातले मी."

गावात परतल्यावर लेन्सचं बारसं लगेच झालं. आमच्याकडे चहात घालायच्या घट्ट दुधाचे छोटे डबे मिळतात, अगदी त्याच मापाची ती होती. मुलं ओरडायची, "काका, साखर आणू का?" फीफी म्हणाला, "काका, तोफ विकून डबा आणलात?"

ज्या अराबाने मोठ्या लेन्सचा आग्रह धरला होता तिनेच त्याला झाडलं, "त्या डब्यातल्या दुधावरच वाढलायस तू. आईला विचार."

पण शनिवार रिकामेच होते. निकालाला अजून अवकाश होता. आणि त्या महिन्यांत एक गोष्ट घडली, जिच्यामुळे मी हे सगळं आज लिहिते आहे. पूर्वी एबो कॅमेरा बाहेर काढायचा तो कुणी बोलावलं तर. आता कॅमेरा इतका हलका झाला होता की तो गळ्यातून काढायचा विसरे. मासळी आणायला जाताना तो गळ्यात असे, न्हाव्याकडे असे, प्रार्थनेनंतर गप्पा मारताना असे. पायाला सरकवत नव्हतं, पण बोटांना कडं फिरवता येत होतं. होड्या वाळूवर ओढताना एका सुरात ओरडणारे कोळी, धुरात डोळे चोळत मासे उलटणाऱ्या बायका, ओट्यावर सोंगट्या खेळताना भांडणारे माझे यजमान आणि पोस्टमास्तर. या फोटोंसाठी कुणी ठेवणीतले कपडे घातले नव्हते. माझ्या यजमानांचे शंभर फोटो असतील, सगळ्यांत ते कोट घालून ताठ उभे आहेत. ते हसताना कसे दिसत, हे मला त्या ओट्यावरच्या एका फोटोमुळे अजून पाहता येतं. ते कोळी, ती होडी, तो ओटा, काही राहिलेलं नाही. पोस्टमास्तरांचं नावही आता मलाच आठवतं.

वर्षाचा दिवस आला. आम्ही पांढऱ्या कपड्यांत अंगणात ओळीने बसलो. फीफी आधीच येऊन थांबला होता, कारण एबोला परवानगी मिळेल असं कुणाला वाटत नव्हतं. दहाच्या सुमाराला एबो फाटकात दिसला. इस्त्रीचा पांढरा सदरा, डाव्या हातात काठी, छातीवर तो डबा. मागे अराबा, ओठ घट्ट मिटून.

तो उजव्या टोकापासून निघाला. मावशीने आपलं तबक उचलून मांडीवर घेतलं, तेव्हा दोघी-तिघी फिसकन हसल्या. एबो वाकला, हात दिला, पुढे सरकला. मग मामांपुढे येऊन थांबला. पूर्ण वाकला, जेवढा तो गुडघा वाकू देई तेवढा. कॅमेरा जागचा हलला नाही. उजवा हात पुढे झाला.

मामांनी तो हातात घेतला आणि सोडला नाही. टांडो उठले.

"कुळप्रमुख विचारतायत, तुमची तोफ कुठे आहे?"

"परत केली, मामा."

"कुळप्रमुख विचारतायत, आणि हे काय?"

"ही छोटी आहे. हिला माझा उजवा हात लागत नाही." एबो थांबला. "चर्चमध्ये ही चालत नाही, मामा. इथे चालते. इथल्यासाठीच घेतली."

टांडो पुढचं काही ऐकायला मामांकडे झुकले. मामांनी त्यांना मानेनेच बसा म्हणून सांगितलं.

"पाय दुखतो का रे?" मामांनी स्वतः विचारलं.

"दुखतो, मामा."

"मग उभा काय राहतोस? खुर्ची आणा रे याला. इथे ठेवा, आमच्यात."

फोटोग्राफरला मयतीच्या अंगणात कुणी खुर्ची देत नाही. ती आणायला दोघं धावले. फीफीने आपला फ्लॅश बंद केला आणि तो शर्टाच्या खिशातून सिगरेट काढून फाटकाकडे गेला, जाता जाता एबोच्या खांद्यावर हात ठेवून. एबो ओळीच्या टोकाला, माझ्या धाकट्या मावशीच्या शेजारी बसला. संध्याकाळपर्यंत तो तिथून उठला नाही. कडं फिरवत राहिला.

त्यामुळे त्या दिवसाचे सगळे फोटो बसलेल्या माणसाच्या उंचीवरून काढलेले आहेत. उभ्याने काढलेल्या फोटोंत म्हाताऱ्या माणसांचे टाळू आणि डोकीला बांधलेले रुमाल दिसतात, यांत डोळे दिसतात. माझ्या मावशा शेजारणीशी बोलावं तशा समोर बघतायत. नातवंडं झाडांसारखी उंच झाली आहेत. एका फोटोत अमिसामामांचा उजवा हात धूसर आला आहे, कारण त्या क्षणी तो हलत होता. क्वानसाला अजून सूप वाढा, असं ते खुणेने सांगत होते.